आक्काची माघार

माझ्या थोरल्या बहिणीचा जीव कुणामुळे गेला हे मला ती गेल्यानंतर पाच वर्षांनी कळलं. तोवर मी त्या माणसाचे उपकार मानत होतो. तासगावच्या हिरव्या बेदाण्याचा एक खोका, एकेक दाणा निवडून भरलेला, मी स्वतः त्याच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला होता. "अहो, याची काय गरज होती," असं तो म्हणाला होता. ते आठवलं की आजही माझे दात आवळले जातात.

मी फौजेत कारकून होतो. औंधच्या बाजूचं आमचं गाव. घरटी एक तरी माणूस फौजेत. लोकांना वाटतं मी सीमेवर बंदूक घेऊन उभा असायचो. खरं म्हणजे माझं सगळं आयुष्य हजेरीपट, रजेचे अर्ज आणि बदलीचे हुकूम यांत गेलं. समोर कागद आला की मी आधी तारीख बघतो, मग सही, मग मजकूर. सुभेदार होऊन निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही.

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिला तासगाव तालुक्यात दिलेली. दाजींची द्राक्षबाग आणि आक्का गावातल्या अंगणवाडीची सेविका. सातवीपर्यंत शिकलेली, पण अक्षर असं की मास्तरांनी बघत राहावं. सही करताना स्वतःचं नाव, दाजींचं नाव, आडनाव, तिन्ही पूर्ण लिहायची आणि खाली एक रेघ ओढायची. अंगठा उठवणाऱ्या बायकांवर ती चिडायची. "अंगठा कशाला गं? बस हितं, मी शिकवती की," म्हणून तिने गावातल्या कितीतरी जणींना नाव लिहायला शिकवलं. स्वतःच्या सासूलासुद्धा, सत्तरीनंतर.

मी घरी परतलो त्याच वर्षी, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींचा फोन आला. बेदाण्याचा हंगाम ऐन भरात होता.

"तुझ्या आक्काच्या पोटात लय कळा येत्यात रं. परवापासनं उलट्या चालल्यात, हिरव्यागार. पोट नगाऱ्यागत फुगलंय."

मी विट्यावरून थेट सांगली गाठली. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिला नेलं होतं. हॉस्पिटलचं नाव मी घेणार नाही. तिथला मोठा सर्जन पन्नाशीचा, मृदू बोलणारा होता. त्याने आम्हाला बसवून नीट समजावलं. आक्काच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन बऱ्याच वर्षांपूर्वी झालं होतं. अशा जुन्या ऑपरेशनचे व्रण आत एकमेकांना चिकटतात आणि आतड्याचा एखादा वेढा त्यात अडकतो. पुढचा रस्ता बंद होतो. मात्र पुष्कळांचा अडकलेला वेढा आपोआप सुटतो. नाकातून नळी घालून पोट रिकामं ठेवायचं, एक्स-रेत दिसणारं औषध पाजायचं आणि वाट बघायची. औषध मोठ्या आतड्यात पोचलं तर ऑपरेशन टळतं. यावर त्याचं संशोधन चाललं होतं आणि आक्काला त्यात घ्यायची त्याची इच्छा होती.

"आणि नाही सुटलं तर?" मी विचारलं.

"ताप आला, नाडी वाढली किंवा पोट कडक झालं, तर त्याच घटकेला ऑपरेशन. तिथे थांबायचं नाही."

दाजींचा जीव भांड्यात पडला. "कापाकापी न्हाई ना? मग लय बरं. थांबूया आपण."

आक्का नाकात नळी असताना उठून बसली. "कागदाखाली पुठ्ठा द्या," म्हणाली आणि संमतीपत्रावर पूर्ण सही केली, खाली रेघ ओढून.

दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत औषध जागचं हललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला ताप भरला. मी घड्याळ लावून नाडी मोजली, ती पळत होती. पोटाला हात लावू देईना. वॉर्डात शिकाऊ डॉक्टर होता, साताऱ्याकडचा, तिशीच्या आतला. मी त्याला बोलावलं. त्याने पोट तपासलं, चेहरा पाडून बाहेर गेला आणि व्हरांड्यात फोनवर बोलत उभा राहिला. मोठा डॉक्टर पुण्याला गेला होता. डॉक्टरांची परिषद होती आणि तिथे तो याच संशोधनाची माहिती देणार होता.

"सर म्हणतायत, अजून थोडं थांबू," तो परत येऊन म्हणाला.

"ताप आला तर लगेच ऑपरेशन, असं त्यांनीच सांगितलंय."

"सरांचा अनुभव मोठा आहे, काका."

दुपारी मी पुन्हा गेलो. तेच उत्तर. मग मी गप्प बसलो. हुद्द्याने मोठा असलेल्याला जास्त कळतं, या सवयीत माझी हयात गेली होती. त्या दुपारी मी आरडाओरडा केला असता, खुर्च्या फेकल्या असत्या, तर काय झालं असतं याचा विचार मी किती वेळा केलाय ते मलाच माहीत.

चौथ्या दिवशी सकाळी मोठा डॉक्टर पुण्याहून आला, चादर बाजूला करून बघितलं आणि तासाभरात आक्काला आत नेलं. बाहेर आला तेव्हा टोपी हातात होती. आतडं काळं पडलं होतं, लहान आतड्याचा बहुतेक भाग कापावा लागला होता. "जीव वाचला," तो म्हणाला, "पण फार उशिरा आणलंत तुम्ही."

दाजींनी मान खाली घातली. मीही घातली. त्याच्या वॉर्डात तीन दिवस पडून असलेल्या बाईला आम्ही उशिरा आणलं, हे आम्ही ऐकून घेतलं. आणि डिस्चार्जच्या दिवशी मी बेदाणे नेले.

आक्का त्यानंतर अकरा महिने जगली. आतडं उरलं नाही तर खाल्लेलं अंगाला लागत नाही. ती भाकरी खायची, वरण-भात खायची, आणि घटकाभरात सगळं पोटावर लावलेल्या पिशवीत उतरायचं. "माझं पोट म्हंजी बिनबुडाची घागर झालीया," म्हणायची. पदराखाली पिशवी झाकून ती तशीही अंगणवाडीत जायची. पोरांना खिचडी वाढून होईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहायची. मग आठवड्याला सलाईन, मग दिवसाआड. शेवटी तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत वर जायची. पुढच्या फाल्गुनात ती गेली. दाजी म्हणाले, "नशीब." मीही तेच म्हणालो.

दोन-तीन वर्षं गेली. माजी सैनिकांच्या आरोग्य शिबिरात एक डॉक्टरबाई भेटल्या. त्या त्याच हॉस्पिटलच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवायच्या. माणसांवर कुठलंही संशोधन करायचं तर आधी एका समितीची परवानगी लागते, एथिक्स कमिटी म्हणतात तिला. या बाई तिच्या सचिव होत्या. समितीत डॉक्टर असतात, वकील असतो आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य माणूसही असावा लागतो. तो तुम्ही व्हाल का, असं त्यांनी विचारलं. आक्काला अकरा महिने दिलेल्या हॉस्पिटलचं काहीतरी देणं लागतो, अशा भावनेने मी हो म्हणालो.

माझं काम एवढंच की मराठी संमतीपत्रं वाचायची आणि गावाकडच्या माणसाला ती कळतील का ते सांगायचं. 'यादृच्छिक निवड' असं छापलेलं असायचं, तिथे मी 'चिठ्ठ्या टाकून निवड' लिहायला लावायचो. दोन वर्षं हे आवडीने केलं.

मग गेल्या वर्षी त्या सर्जनचा नवा प्रस्ताव माझ्या घरी आला. तीच पद्धत, आता म्हाताऱ्या रुग्णांवर, आणखी जास्त काळ वाट बघायची. पुष्टी म्हणून जुन्या अभ्यासाचा अहवाल जोडला होता. त्यात रुग्णांचा तक्ता होता. नावं नव्हती, पण क्रमांक, वय, बाई की पुरुष, दाखल झाल्याची तारीख आणि निकाल होता. मी सवयीने तारखांवर बोट फिरवत गेलो आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी थांबलो. बाई, आक्काचंच वय. निकालाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'दुसऱ्या दिवशी माघार. रुग्णाची इच्छा.' खाली निष्कर्ष होता की वाट बघितलेल्यांपैकी एकाचंही आतडं कापावं लागलं नाही.

आक्काच्या आतड्याचं त्याने असं केलं होतं. आधी पोटातून काढलं, मग कागदावरून.

ज्याचा नातेवाईक अभ्यासात आहे त्या सदस्याने ते सांगून बाहेर बसायचं, असा नियम आहे. त्या नियमाखाली माझी सही होती. मी कुणालाही काही सांगितलं नाही. मला तो समोर, माझ्या टेबलाच्या पलीकडे हवा होता.

सचिवबाईंना मी फोन करून जुन्या अभ्यासातले माघारीचे मूळ कागद मागितले. समितीला तो हक्क असतो. कॉलेजच्या एका खोलीत त्यांनी मला फायली दिल्या. माघारीच्या अर्जावर आक्काचं नाव दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि खाली जांभळ्या शाईचा अंगठा होता.

मी तो अंगठा किती वेळ बघत बसलो सांगता येत नाही. तिला मेल्यावर कुणी शिवी दिली असती तर एवढा राग आला नसता. फाईल पुढे उलटली तर त्याच अभ्यासाच्या छापील तक्त्यांवर, तिच्याच क्रमांकाखाली, तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे ताप-नाडीचे आकडे भरलेले होते. नाव कमी झालेल्या शिपायाची हजेरी कुणी लावत नाही. खोटं करणाऱ्याला हे तक्ते काढून टाकायचंही सुचलं नव्हतं. मी सगळ्याचे फोटो घेतले, आणि अंगणवाडीत जाऊन तिच्या सह्यांच्या रजिस्टराचेही.

तो शिकाऊ डॉक्टर आता साताऱ्यात स्वतःचा दवाखाना चालवत होता. मी एसटीने गेलो आणि पेशंटच्या रांगेत बसलो. नंबर आल्यावर आत जाऊन मोबाईल त्याच्यासमोर धरला.

"हा अंगठा कुणाचा?"

त्याने मला लगेच ओळखलं. उठून दार लावलं. मग म्हणाला, "माझा."

ऑपरेशन झालं त्याच दुपारी सरांनी त्याला बोलावलं होतं. ही केस अभ्यासात राहिली तर सगळं बिघडेल, दुसऱ्या दिवशीच माघार दाखव, असं सांगितलं. "मी म्हणालो, पेशंट शुद्धीवर नाही. सर म्हणाले, सही नसली तरी चालेल, अंगठा घे. मी तुमच्या बहिणीच्या कॉटपाशी गेलो होतो, काका. हात हातात घेतला. पण लावता आला नाही. मग मी माझाच लावला. माझी परीक्षा सरांच्या हातात होती."

तो रडायला लागला. मला काहीही वाटलं नाही. मी म्हणालो, "हे लिहून दे."

"माझं नाव बाहेर आलं तर मी संपलो."

"कागद माझ्या खिशातच राहील. तुझं नाव मी घेणार नाही," मी म्हणालो. त्याने लिहून दिलं. तारीख घातली, सही केली.

बैठक दुपारची होती. टेबलाभोवती आम्ही आठ-नऊ जण, प्रत्येकापुढे नाव-हुद्द्याची पाटी. सर्जन आला, पडद्यावर चित्रं दाखवत अर्धा तास बोलला. आवाज तोच, मऊ. अध्यक्षांनी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर मी हात वर केला. त्याने माझ्याकडे बघून ओळखीचं काहीच दाखवलं नाही. शेकडो नातेवाईक बघितलेला माणूस. त्याला मी कुठून आठवणार?

"डॉक्टरसाहेब, माघार घेतलेल्या पेशंटच्या नोंदी तुम्ही पुढे ठेवता का?"

"नाही. माघार घेतली की आमच्या दृष्टीने तो पेशंट अभ्यासातून गेला."

"मग या बाईंनी दुसऱ्या दिवशी माघार घेतली. तिसऱ्या, चौथ्या दिवशी तुमच्या अभ्यासाच्या तक्त्यावर त्यांची नाडी कुणी लिहिली?"

त्याने कागद हातात घेतला. "कारकुनी चूक असेल, सुभेदारसाहेब. वॉर्डात फार गडबड असते."

"मी तीस वर्षं कारकुनीच केलीय. आता हे बघा. ही त्यांची संमतीची सही, आणि ही अंगणवाडीच्या रजिस्टरातली. वीस वर्षांत या बाईने एकदाही सहीच्या जागी अंगठा उठवलेला नाही. मग माघारीला अंगठा कसा?"

सचिवबाई चष्मा काढून माझ्याकडे बघत होत्या. डिस्चार्जच्या वेळी आम्हाला मिळालेला चौथ्या दिवशीच्या ऑपरेशनचा कागद मी पुढे सरकवला, त्याच्या स्वतःच्या सहीचा. किती आतडं कापलं ते त्यात लिहिलं होतं. त्याने तो वाचला नाही, नुसता बघितला. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसला आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. त्याला आणखी घाम फुटायला हवा होता.

"संमतीची कागदपत्रं ज्युनिअर डॉक्टर सांभाळायचे," तो म्हणाला. "त्यावेळच्या मुलाने परस्पर काही केलं असेल तर मी काय करणार? मी तर पुण्यात होतो."

उशिरा आणलंत तुम्ही, असं आम्हाला ज्या सुरात म्हणाला होता तोच सूर होता. माझा हात खिशाकडे गेला. साताऱ्यात दिलेला शब्द मला त्या क्षणी स्वच्छ आठवत होता. तरी मी कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत मोठ्याने वाचला.

वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "ही बाई तुमची कोण?"

"थोरली बहीण."

"मला त्या आठवत नाहीत," तो म्हणाला. बहुतेक ते खरंच होतं.

त्याच संध्याकाळी मला समितीतून काढलं आणि ते बरोबरच होतं. सचिवबाई जिन्यापर्यंत माझ्यासोबत आल्या. त्या संतापल्या होत्या. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी हेच केलं असतं, नियमाने. आता तो म्हणेल, हे सगळं सुडाने केलंय."

"सुडानेच केलंय," मी म्हणालो.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. वाट बघायची पद्धत खोटी नव्हती. वेळेवर हात घातला तर तिच्यामुळे पुष्कळांचं ऑपरेशन टळतं. खोटा होता तो निष्कर्ष. तो वाचून कुठल्यातरी गावातल्या डॉक्टरने ताप आलेल्या पेशंटला आणखी एक दिवस थांबवलं असेल. हे मला तोवर सुचलंही नव्हतं. ज्या माणसांना मी कधी बघणार नाही त्यांच्यासाठी मी काही केलं नव्हतं. मला फक्त त्याला पडलेला बघायचं होतं.

तो पडला. चौकशी बसली, प्रस्ताव फेटाळला गेला, जुना लेख मागे घ्यावा लागला, संशोधनाला कायमची बंदी झाली आणि त्याने राजीनामा दिला. त्याचा डॉक्टरकीचा परवाना काढून घ्यावा म्हणून मी मेडिकल कौन्सिलकडे दिलेली तक्रार अजून चालू आहे. त्या तरुण डॉक्टरचीही चौकशी लागली, काही महिने दवाखाना बंद राहिला. त्याच्या बायकोचा मला फोन आला. "तुम्ही शब्द दिला होता," एवढंच बोलून तिने ठेवला.

दाजींना सांगायला मी स्वतः गेलो. ते बागेत छाटणीला माणसं लावून बांधावर बसले होते. मला वाटलं होतं त्यांना समाधान होईल. सगळं ऐकून ते काडीने माती उकरू लागले.

"म्हंजी वेळंवर कापलं असतं तर जगली असती?"

"व्हय."

"थांबूया असं मीच म्हणालो हुतो," ते म्हणाले. "इतकी वर्सं नशीब म्हणून झोप लागत हुती मला. कशाला सांगितलंस रं?"

त्यांच्या घरी मी त्यानंतर दोनदाच गेलोय. चहा होतो, बोलणं होत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या म्हातारीला तसंच झालं. पोट फुगलेलं, हिरव्या उलट्या. तिची लेक तिला साताऱ्याला घेऊन गेली आणि तिथून दुपारी तिने मला फोन केला. "आवं, हितं एक सर्जन हायती. सांगलीस्नं आल्यात म्हणं. आज हितं दुसरं कुणी न्हाई, न्हाईतर पुण्याला न्या म्हणत्यात. तुमाला दवाखान्यातलं कळतं. हाय का बरा माणूस?"

तिने नाव सांगितलं. तोच. आता साताऱ्यात एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशनं करत होता.

मी फोन कानाला धरून अंगणात उभा राहिलो. नको म्हणालो असतो तर म्हातारीला पुण्याला न्यावं लागलं असतं, आणि रस्त्यात जाणारे तास मी आता मोजू शकत होतो.

"ताप हाय का?"

"व्हय. सकाळपासनं."

"पोट?"

"हात लावू देत न्हाई."

"त्याच्याकडंच न्हे," मी म्हणालो. "आणि त्याला सांग, औंधकडच्या सुभेदारानं धाडलंय. एवढंच सांग."

तिने सांगितलं. पुढचं तिनेच मला नंतर ऐकवलं. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, मग नर्सला हाक मारली आणि तासाच्या आत म्हातारी टेबलावर होती. आतड्याचा वेढा सोडवला. ते लालबुंद झालं होतं, पण जिवंत होतं. कापावं लागलं नाही.

म्हातारी आता काठी टेकत आमच्या ओट्यावर येऊन बसते. डॉक्टरला ती देवमाणूस म्हणते. मी तिला काही सांगितलेलं नाही. त्याला माफही केलेलं नाही. तक्रारीची पुढची तारीख जवळ आली आहे आणि मी जाणार आहे.